नळीच्या तळाशीं काय बसलें

गेल्या माघ महिन्यांत आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तयारीस लागले होते. आमचें घर माणसांनीं भरलेलें. एका कोपऱ्यांत मातुश्रींचा जप, दुसऱ्या कोपऱ्यांत धाकट्यांचे पाढे, मध्येंच आल्यागेल्याचा चहा, अशा गर्दींत हे चिरंजीव रसायनाचें जर्नल मांडीवर घेऊन पाठांतर करीत बसत. आम्हीही एके काळीं रसायनशास्त्राचे विद्यार्थी. म्हणून एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तें जर्नल सहज हातीं घेतलें. अक्षर वळणदार, समास नीट सोडलेला, कोठें खाडाखोड नाहीं. वर्षभरांत ओळखावयास दिलेल्या बारा क्षारांचें पृथक्करण त्यांत अथपासून इतीपर्यंत लिहिलेलें होतें. कौतुक करावें, तों मनांत शंका आली. ज्यानें प्रयोगशाळेंत खरोखर हात चालविला आहे त्याच्या वहीवर आम्लाचा एखादा पिवळा डाग, निदान पाण्याचा ओघळ तरी असतो. हें जर्नल लग्नपत्रिकेसारखें स्वच्छ होतें.

"यांतले किती क्षार तूं स्वतः ओळखलेस?" आम्हीं विचारलें.

"चार, काका." खोटें बोलण्याची त्यास संवय नाहीं. "बाकीचे आम्हीं सगळ्यांनीं एकाच जर्नलावरून उतरवून घेतले. पद्धत सगळीकडे सारखीच असते ना? ज्या गटांत सांपडायचा तेथें 'साका आला' म्हणून लिहायचें, बाकीच्या ठिकाणीं 'नाहीं' लिहायचें." मग थोडा थांबून म्हणाला, "आणि खरें सांगूं का? आतां हें काम यंत्रें करतात. चिमूटभर पूड ठेवली कीं पडद्यावर नांवें येतात. मग त्या जुन्या काळच्या नळ्या आम्हीं कशाला हालवीत बसायचें?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि आम्हांस त्याचें उत्तर लागलीच देतां आलें नाहीं. त्यावर पुढें आठ-पंधरा दिवस आमच्या घरांत जें बोलणें झालें व जें करून पाहिलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्या घरांतील मुलें विज्ञानशाखेस जातात तेथें हा प्रश्न आज ना उद्यां निघावयाचाच.

ज्यांचा रसायनशास्त्राशीं संबंध आला नाहीं त्यांच्याकरितां प्रथम ही रीत सांगितली पाहिजे. विद्यार्थ्यास कागदाच्या पुडींत थोडी पूड मिळते. ती बहुधा पांढरी. क्वचित् मोरचुदासारखी निळी किंवा हिराकशीसारखी हिरवट. तींत कोणता धातु आहे, आणि तो कोणत्या आम्लाच्या अंशाशीं जोडला गेला आहे, हें त्यानें शोधावयाचें. दळण आणल्यावर घरांतील स्त्रिया जशा चाळण्या बदलतात, एकींत कोंडा अडतो, दुसरींत रवा राहतो व पीठ खालीं येतें, तशाच ह्या शास्त्राच्या पांच-सहा चाळण्या आहेत. फरक इतकाच कीं, ह्या चाळण्या पातळ आहेत. पूड पाण्यांत किंवा विरल आम्लांत विरघळवावयाची आणि त्या द्रावणांत एकामागून एक ठराविक द्रव्यें घालावयाचीं. प्रत्येक द्रव्य कांहीं ठराविक धातूंना न विरघळणारें रूप देतें, आणि ते नळीच्या तळाशीं साका होऊन बसतात. शास्त्रीय ग्रंथांत त्यास अवक्षेप म्हणतात. आम्हांस आपला साकाच बरा वाटतो.

पहिली चाळणी हायड्रोक्लोरिक आम्लाची. तींत शिसें, चांदी आणि एका रूपांतील पारा अडकतो. दुसरी, आम्लयुक्त द्रावणांत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु सोडण्याची; तींत तांबें, कॅडमियम, बिस्मथ, कथील, अँटिमनी, सोमल हे खालीं बसतात. तिसरी, नवसागर व अमोनिया यांची. तिच्यांत लोखंड, ॲल्युमिनियम व क्रोमियम येतात. चवथींत पुन्हा तोच दुर्गंधी वायु, पण आतां अमोनियायुक्त द्रावणांत. आणि जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट सांपडतात. पांचवी अमोनियम कार्बोनेटची. ती कॅल्शियम, स्ट्राँशियम व बेरियम यांना अडविते. इतकें होऊनही जें उरतें त्यांत मॅग्नेशियम शोधावयाचा.

एकच वायु दोनदां कां वापरतात, हें कळलें म्हणजे ह्या रीतीचें सारें मर्म कळलें असें आम्ही समजतों. वायु पाण्यांत शिरला कीं त्यांतून गंधकाचा अंश मोकळा होतो आणि तो धातूला धरूं पाहतो. द्रावणांत आम्ल पुष्कळ असलें तर हा मोकळा अंश अगदीं थोडा राहतो. तांब्याचें गंधकाशीं बनलेलें काळें द्रव्य इतकें कमी विरघळणारें आहे कीं, त्याला तेवढा थोडा अंशही पुरतो आणि तें तळाशीं जातें. जस्ताचें द्रव्य त्या मानानें पुष्कळ अधिक विरघळणारें. म्हणून जस्त तेथें वरच तरंगत राहतें. पुढें अमोनियानें आम्ल मारलें म्हणजे गंधकाचा अंश भरपूर मोकळा होतो, आणि मग जस्त पांढऱ्या साक्याच्या रूपानें खालीं येतें. थोडक्यांत, चाळणीचीं भोकें आम्लानें लहानमोठीं करतां येतात.

ह्या वायूच्या वासाविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इंग्रजी पुस्तकांत सर्वत्र त्यास नासक्या अंड्याची उपमा दिलेली असते. आमच्या घरीं अंडें कधीं शिरलेंच नाहीं. त्यामुळें कॉलेजांत जातांच आम्हांस वायूवरून अंड्याची कल्पना करावी लागली. पुढें सुट्टींत घरीं आलों, तेव्हां मातुश्रींनीं आमचा सदरा हुंगून "पादेलोण सांडलेंस कीं काय?" असें विचारलें. पादेलोणाचा वास ह्याच जातीच्या द्रव्यांमुळें येतो, आणि देवांचीं चांदीचीं उपकरणीं काळवंडतात तींही गंधकाशीं चांदीचा योग होऊनच. मात्र हा वायु अत्यंत विषारी आहे. त्याचें प्रमाण वाढलें कीं नाक बधिर होऊन वासच येईनासा होतो, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, हा त्यांतला मोठा धोका. म्हणून तो प्रयोगशाळेंत, धूर खेंचून घेणाऱ्या कपाटांत आणि शिक्षकांच्या देखत हाताळावयाचा. घरीं हा खेळ कोणीं करूं नये.

ही चाळण्यांची व्यवस्था एका माणसानें एका दिवसांत बसविली नाहीं. स्वीडनचे बर्गमन यांनीं अठराव्या शतकांत पुष्कळ कसोट्या गोळा केल्या होत्या. पण विद्यार्थ्याच्या हातीं देतां येईल असें सरळ पुस्तक १८४१ सालीं कार्ल रेमिगियस फ्रेसेनियस यांनीं लिहिलें. ते तेव्हां बॉन येथें शिकत होते आणि वय अवघें बावीस वर्षांचें होतें! पुढें ते गीसेन येथें लीबिग यांच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेंत गेले, आणि १८४८ सालीं त्यांनीं वीसबाडेन येथें स्वतःची प्रयोगशाळा काढली. त्यांच्या पुस्तकाच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या व अनेक भाषांत भाषांतरें झालीं. आमच्या पिढीच्या हातीं जें व्होगेल यांचें जाडें पुस्तक असे, त्याची पहिली आवृत्ति १९३७ सालची; त्याचाही सांगाडा हाच.

आपल्याकडेही ज्वालेच्या रंगावरून धातु ओळखण्याची दृष्टि जुनी आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला भाग १९०२ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत रसार्णव ह्या ग्रंथांतील वर्णनाकडे त्यांनीं लक्ष वेधलें आहे. तांब्याची ज्वाला निळी आणि कथिलाची पारव्याच्या रंगाची, असें तेथें सांगितलेलें आहे. मात्र यावरून सगळें आपल्या पूर्वजांस ठाऊकच होतें, असें म्हणत सुटण्याची कांहीं लोकांस जी हौस असते, ती आम्हांस नाहीं. रंग पाहणें वेगळें आणि गटवारीनें शेवटपर्यंत जाणें वेगळें.

आतां आमच्याच फजितीची हकीकत. पदवीच्या दुसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आमच्या पुडींत पांढरी पूड होती. आम्ल घालतांच ती फसफसली, म्हणजे कार्बोनेट, हें तेव्हांच ठरलें. पुढें धातूकरितां द्रावण करावयाचें. तें हायड्रोक्लोरिक आम्लांत करावयाचें असतां आम्हीं घाईनें शेजारची नायट्रिक आम्लाची बाटली उचलली, आणि हात सैल सोडून ओतली. पहिल्या गटांत कांहीं आलें नाहीं. दुसऱ्या गटाकरितां वायु सोडला तों नळी दुधट झाली, आणि त्या दुधटपणांत किंचित् पिवळी झांक दिसली. कॅडमियमचा साका पिवळा असतो, हें पाठ होतें. शेजारच्या मित्रासही कॅडमियमच आला होता, हें त्याच्या चेहऱ्यावरून आम्हीं ताडलें होतें. मग काय विचारतां! आम्हीं कॅडमियम कार्बोनेट असें ठसठशीत लिहिलें, पुढच्या गटांपुढें ओळीनें 'नाहीं', 'नाहीं' असें लिहून टाकलें आणि सर्वांच्या आधीं नळ्या धुऊन उभे राहिलों.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते. त्यांनीं आमची उत्तरपत्रिका शांतपणें वाचली. "साका गाळून पाहिला काय?" म्हणून विचारलें. आम्हीं गाळला नव्हता. त्यांनीं आमच्याचकडून पुन्हा वायु सोडवून, तो दुधट द्रव गाळण कागदावर ओतविला. सारा दुधटपणा कागदांतून जसाच्या तसा खालीं उतरला. कागदावर कांहीं राहिलें नाहीं. तो कॅडमियम नव्हताच. नायट्रिक आम्लानें त्या वायूचेंच विघटन होऊन गंधकाचे अतिसूक्ष्म कण सुटले होते, आणि त्यांची ती पिवळसर झांक. ती झांक पिवळी धमक करण्याचें काम आमच्या मनानें केलें होतें.

पण खरी लाज पुढेंच होती. त्यांनीं पान उलटून आमच्याच हातच्या एका ओळीवर बोट ठेवलें. कोरडी पूड तापविण्याची जी पहिली कसोटी असते, तिच्यापुढें आम्हीं प्रामाणिकपणें लिहिलें होतें: गरम असतां पिवळी, थंड झाल्यावर पुन्हा पांढरी. ही जस्ताची खूण आहे, आणि ती कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या पांच पानांत सांपडते. कॅडमियम असता तर तापवून पिंगट पूड राहिली असती. म्हणजे उत्तर आमच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें, हातानें लिहिलेंही होतें. आणि तासाभरानें आम्हीं स्वतःच त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता! "चवथा गट केला असता तर जस्त पांढरें होऊन समोर आलें असतें. आपण दुसऱ्या गटांतच कां थांबलांत?" एवढेंच ते म्हणाले. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि आजही सुचत नाहीं.

ही हकीकत ऐकून चिरंजीव हंसले. "म्हणजे गुण गेले, एवढेंच ना, काका?" त्यांच्या दृष्टीनें बरोबरच. तेव्हां आम्हीं त्यांस एका फार मोठ्या माणसाची गोष्ट सांगितली. तेही असेच मध्यें थांबले होते.

१९३४ सालीं रोम येथें एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी निरनिराळ्या मूलद्रव्यांवर न्यूट्रॉन नांवाच्या कणांचा मारा करीत होते. युरेनियमवर मारा केल्यावर त्यांस नवाच किरणोत्सर्ग मिळाला. तो कोणत्या मूलद्रव्याचा? युरेनियम हें त्या वेळीं ज्ञात असलेलें शेवटचें, ९२ क्रमांकाचें मूलद्रव्य. त्यांनीं रासायनिक कसोट्यांनीं एकेक शेजारी वगळीत नेला. युरेनियमपासून खालीं खालीं येत ८२ क्रमांकाच्या शिशापर्यंत ते पोहोंचले. त्यांपैकीं कोणीही नाहीं, असें दिसल्यावर हें ९३ क्रमांकाचें नवें मूलद्रव्य असावें, असा तर्क त्यांनीं मांडला. शिशाच्या खालच्या मूलद्रव्यांकडे त्यांनीं पाहिलें नाहीं, कारण एवढा जड अणु फुटून अर्धा होईल हें त्या काळीं कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. त्याच वर्षीं इडा नोडाक ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं लेख लिहून हरकत घेतली. रीनियम ह्या मूलद्रव्याच्या शोधांत त्यांचा भाग होता, आणि पृथक्करण हा त्यांचा हातखंडा विषय. शिशाशींच थांबण्यास आधार काय, सर्व ज्ञात मूलद्रव्यें वगळल्याशिवाय नवें मूलद्रव्य सांपडलें असें म्हणतां येत नाहीं, अणु फुटून त्याचे मोठाले तुकडेही झाले असतील, असें त्यांचें म्हणणें. कोणीं लक्ष दिलें नाहीं. त्यांनीं स्वतःही पुढें तो प्रयोग केला नाहीं, हें मात्र येथें नमूद केलें पाहिजे.

चार वर्षें गेलीं. बर्लिन येथें ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान हेच कोडें सोडवीत होते. त्यांच्या सहकारी लीझे माइटनर ह्या ज्यू वंशाच्या. म्हणून त्यांना १९३८ च्या जुलैंत जर्मनी सोडून पळून जावें लागलें होतें. मारा केलेल्या युरेनियमपासून हान यांना एक द्रव्य मिळालें; तें बेरियमबरोबर खालीं बसे. तें रेडियम असावें असें त्यांस वाटलें, आणि तसें वाटण्यास सबळ कारण होतें. रेडियम व बेरियम हे एकाच घराण्यांतले. १८९८ सालीं मारी व पिएर क्युरी यांनीं पिचब्लेंड खनिजाचें अशाच गटवारीनें पृथक्करण केलें, तेव्हां पोलोनियम त्यांना बिस्मथच्या साक्यांत आणि रेडियम बेरियमच्या साक्यांत सांपडलें होतें. हीं दोन्ही मूलद्रव्यें जगापुढें आलीं तीं ह्याच चाळण्यांतून, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

हान यांच्याजवळचें द्रव्य इतकें सूक्ष्म कीं, तें डोळ्यांस दिसणें अशक्य. फक्त त्याचा किरणोत्सर्ग मोजतां येई. म्हणून त्याच्या सोबतीस बेरियम घालावयाचा, त्याबरोबर तें खालीं आणावयाचें आणि मग पुनःपुन्हा स्फटिक करून रेडियम व बेरियम वेगळे करावयाचे, अशी रीत. ते वेगळे होईनात! हान हे ह्या कामांत मुरलेले. आपला हात चुकतो आहे काय हें पाहण्याकरितां त्यांनीं खात्रीचें रेडियम घेऊन तीच रीत केली. तें निमूटपणें वेगळें झालें. मारा केलेल्या युरेनियममधलें द्रव्य मात्र बेरियमला सोडीना. मग उत्तर एकच उरतें: तें बेरियमच आहे. ५६ क्रमांकाचा बेरियम ९२ क्रमांकाच्या युरेनियममधून निघाला, हें त्या काळच्या पदार्थविज्ञानाच्या सर्वस्वीं विरुद्ध होतें. १९ डिसेंबर १९३८ रोजीं हान यांनीं माइटनर यांना पत्र लिहून ही अडचण कळविली. जानेवारी १९३९ मध्यें लेख प्रसिद्ध झाला. त्यांत रसायनशास्त्रज्ञ म्हणून आम्हांस बेरियम म्हणणें भाग आहे, पदार्थविज्ञानाच्या आजवरच्या अनुभवाच्या विरुद्ध जाण्यास मात्र मन धजत नाहीं, अशा आशयाची कबुली आहे. नाताळांत स्वीडनच्या बर्फांत फिरतांना माइटनर व त्यांचे भाचे फ्रिश यांनीं त्याचा अर्थ लावला: अणु फुटला होता. आणि योगायोग असा कीं, फर्मी यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें त्याच डिसेंबरच्या दहा तारखेस. ज्या कामगिरीबद्दल तें दिलें तींत ह्या नव्या मूलद्रव्यांचाही उल्लेख होता. हान यांना पुढें १९४४ सालचें पारितोषिक मिळालें. माइटनर यांस तें कधींच मिळालें नाहीं, ह्याचें आम्हांस फार वाईट वाटतें.

चिरंजीव हें सारें ऐकतांना हंसले नाहींत. मात्र त्यांचा मूळ प्रश्न यंत्राचा होता, तो अजून शिल्लक होता. आणि आम्हीही यंत्राची निंदा करणार नाहीं. बांगला देशांत हळदीस झळाळी यावी म्हणून कांहीं ठिकाणीं लेड क्रोमेट नांवाचें पिवळें विष मिसळलें जात असल्याचें २०१९ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. तेथील बाजारांत अधिकाऱ्यांनीं हातांत धरावयाचें क्ष-किरणांचें यंत्र लावून जागच्या जागीं शिसें दाखविलें आणि भेसळ करणारांस शासन झालें. तें काम परीक्षानळीनें तेवढ्या झटपट झालें नसतें. दशलक्षांत कांहीं भाग एवढें शिसें तर आमच्या नळीस दिसणारही नाहीं. म्हणून धंद्याकरितां, आरोग्याकरितां, न्यायाकरितां यंत्रच घ्यावें. पण यंत्र नांव सांगतें तें नांव कशावरून, हें विचारण्याची संवय मुलास कोठून लागावी? पडद्यावरच्या नांवास 'गाळून पाहिलें काय' असें विचारतां येत नाहीं. निदान कसें विचारावें हें सतरा वर्षांच्या मुलास समजत नाहीं. नळीस विचारतां येतें, आणि नळी तोंडावर उत्तर देते.

ह्या बोलण्याचा जो परिणाम झाला नसता तो मातुश्रींच्या एका वाक्यानें झाला. व्होगेल यांच्या पुस्तकांत टाकणखाराच्या कसोटीस हळदीचा कागद वापरतात, हें आम्हीं चिरंजीवांस दाखविलें. विलायती पुस्तकांत आपल्या फडताळांतली हळद पाहून त्यांस मोठी गंमत वाटली. त्यांनीं लागलीच एका बशींत हळद कालविली, तींत टाकणखाराचें पाणी घातलें आणि तांबडा रंग येतांच "आजी, पाहा, टाकणखार ओळखला!" म्हणून ओरडले.

मातुश्री जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अरे, हळदीला पापडखार लावला तरी तांबडी होते. चुना लावला तरी होते. मग हा टाकणखारच, हें कशावरून?"

आमच्या मातुश्री मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्या वयस्क परीक्षकांची आम्हांस त्या क्षणीं आठवण झाली.

चिरंजीव गप्प झाले. मग स्वतःच उठून त्यांनीं दुसऱ्या बशींत हळद व पापडखार घेतला. तीही तांबडी झाली. आतां दोन्ही बशा सारख्या. "लिंबू पीळ," मातुश्रींनीं सांगितलें. पापडखाराच्या बशींत लिंबू पडतांच ती फसफसून पुन्हा पिवळी झाली. टाकणखाराची बशीही लिंबानें उजळून पिवळट झाली, तेव्हां चिरंजीवांचा चेहरा उतरला. पण मातुश्रींनीं ती फेंकूं दिली नाहीं. त्यांच्या माहेरीं हळकुंडांचें कुंकू घरीं करीत. त्यांत लिंबाचा रस आणि टाकणखार हेच असत, आणि तें भिजवून वाळवावें लागे. "तें आंबटांतच लाल होतें आणि लालच राहतें. पापडखाराचें कुंकू होत नाहीं," असें त्या म्हणाल्या. दोन दिवस बशी माजघरांत वाळत राहिली, आणि कडेपासून तांबूस-पिंगट होत गेली. पापडखाराची पिवळीच राहिली.

पुस्तकांतील कसोटी हीच आहे. टाकणखार स्वतः अल्कधर्मी. त्यामुळें नुसत्या पाण्यानें हळद तांबडी झाली तर तें फक्त अल्काचें लक्षण, बोरॉनचें नव्हे. आधीं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून द्रावण आंबट करावयाचें, त्यांत हळदीचा कागद बुडवून वाळवावयाचा. बोरिक आम्ल असेल तर वाळतांना तो तांबूस-पिंगट होतो. मग त्यावर सोड्याच्या द्रावणाचा थेंब टाकला कीं निळसर-काळा किंवा हिरवट-काळा. शेवटचा हा रंग नुसत्या अल्कानें कधींच येत नाहीं. चिरंजीवांनीं घरीं हळदीच्या पट्ट्या करून कॉलेजांत नेल्या आणि शिक्षकांची परवानगी काढून ती कसोटी तेथें पुरी केली.

त्यानंतर त्यांनीं नवें जर्नल घातलें. परीक्षेस तीन आठवडे राहिले होते. बारा क्षार पुन्हा करणें शक्य नव्हतें, सात झाले. शिक्षकांनींही दोन शनिवारीं प्रयोगशाळा उघडी ठेवून साहाय्य केलें. त्या जर्नलांत एके ठिकाणीं 'स्ट्राँशियम' असें लिहून खोडलें आहे आणि समासांत लिहिलें आहे, 'ज्वाला किरमिजी वाटली होती, तार धुऊन पुन्हा पाहिली, पोपटी, बेरियम.' दुसऱ्या एका ठिकाणीं तिसऱ्या गटापुढें 'शंका' एवढाच शब्द आहे, आणि खालीं पुन्हा केल्याची तारीख. परीक्षेंत त्यांना मॅग्नेशियम सल्फेट आलें. तें सगळे गट संपल्यावरच हातीं लागतें. वेळ संपण्यास पांच मिनिटें असतां तें हातीं लागलें, असें त्यांनीं घरीं येऊन सांगितलें.

मातुश्रींची बशी मात्र त्यांनीं अजून परत केलेली नाहीं. ती नव्या जर्नलावर उपडी ठेवलेली असते, आणि पहिल्या पानावर तिचा गोल, तांबूस-पिंगट डाग पडला आहे.